पहिल्या घडाचा वाटा

खंडेरावांच्या मळ्यात द्राक्षांचा खुडा, म्हणजे तोडणी, जवळ आली की काही शब्द घरातून हद्दपार होत. पावसाला पाऊस म्हणायचं नाही, पाहुणा म्हणायचं. गारांचं तर नावच काढायचं नाही. बागेत उभं राहून कुणी सडलं, कुजलं, मेलं असं काही बोललं, तर खंडेराव हातातलं काम टाकून त्याच्याकडे असे बघत, की पुढचं वाक्य त्या माणसाच्या घशातच राही. माल वेलीवर आहे तोवर त्याच्या कानावर वाईट शब्द पडू द्यायचा नाही. हा नियम त्यांच्या आईचा. तिनं तो वांगी-टोमॅटोच्या वाफ्यांसाठी पाळला, यांनी द्राक्षांना लावला. घरातली माणसं त्याला हसत आणि हसत हसत पाळतही असत.

या नियमापायीच प्रतिभाची पंचाईत झाली होती.

प्रतिभा ही त्यांची एकुलती एक सून. माहेर नाशिक रोडचं, सरकारी कॉलनीतलं. लग्न होऊन दिंडोरीजवळच्या या मळ्यात आली तेव्हा तिला वेलीचा शेंडा कुठला आणि वांझ फूट कुठली हेही कळत नव्हतं. आता बाया विरळणीला आल्या की कोणता मणी ठेवायचा नि कोणता काढायचा ते तीच सांगायची. सासूबाई गेल्यावर घर तिच्यावर आलं, लेक पुण्याला शिकायला गेल्यावर ते घर फारच मोठं वाटायला लागलं, आणि अशा वेळी माणूस जे करतं ते तिनं केलं. छंद लावून घेतला. तिचा छंद मात्र चारचौघींसारखा नव्हता. तिनं कॉर्गी पाळल्या.

कॉर्गी म्हणजे कोल्ह्याचं तोंड, बोक्याचा रुबाब आणि पाय जवळजवळ नाहीतच. पहिली आली ब्राउनी. इंदिरानगरातल्या सृष्टी नावाच्या मैत्रिणीची ती कुत्री. सृष्टीच्या फ्लॅटमध्ये ब्राउनी दिवसभर खुर्च्या, पाहुणे आणि सोसायटीतली पोरं हाकत बसायची. ही जात मुळात गुरं वळणारी, तिला वळायला काहीतरी लागतंच. शेवटी सृष्टीनं हात टेकले आणि ब्राउनी मळ्यात आली.

खंडेरावांनी तिला पायरीवरूनच न्याहाळलं होतं. "हे काय कुत्रं हाय व्हय? पाय कुठं इसरून आलं?"

ब्राउनीनं त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. तिला कोंबड्या दिसल्या होत्या. संध्याकाळपर्यंत तिनं सगळ्या कोंबड्या एका कोपऱ्यात गोळा करून दाखवल्या आणि दुसऱ्या दिवशी बागेतल्या बाया जेवायला उठल्या तशी त्यांच्या टाचा हुंगत त्यांनाही एका रांगेत आणून बसवलं. बाया हसून लोळल्या. खंडेराव तेवढं म्हणाले, "हिला मुकादम करा."

यापलीकडे त्यांनी तिला घरातलं धरलं नाही. हाडतूड केली नाही, जवळही घेतलं नाही. प्रतिभाला ते लागायचं. सासऱ्यांनी तिला कधी काही कमी केलं नव्हतं, पण तिनं हौसेनं केलेल्या एखाद्या गोष्टीला "बरं झालं" म्हणावं, एवढी आशा तिला होतीच. नाशिक रोडच्या एका निवृत्त गृहस्थांकडे नर होता. त्यांच्याशी बोलून तिनं ब्राउनीची पिल्लं होऊ दिली, तेव्हाही खंडेराव नुसते हं म्हणाले. पिल्लं झाली तीन. प्रतिभानं त्यांची नावं ठेवली मूग, मटकी आणि हुलगा. ती विकायची नव्हती. नीट सांभाळणारी घरं बघून द्यायची होती, आणि घर पसंत पडल्याशिवाय देणार नाही असं ती इतक्या कडकपणे सांगायची, की तिचा नवरा कुंदन म्हणायचा, "पोरीचं स्थळ बघतानासुद्धा तू एवढ्या चौकशा करणार नाहीस."

हुलगा तिघांत धाकटा आणि सगळ्यांत अंगानं लहान. दूध प्यायलाही मागे राहायचा, मग प्रतिभा त्याला वेगळी वाटी लावायची. आणि या हुलग्यानंच म्हाताऱ्याला पकडलं. चप्पल पळवून, धोतराचा सोगा ओढून, पायरीवर बसलं की पावलावर हनुवटी टेकून. खंडेराव वरवर खेकसायचे. पण त्यांच्या कोपरीच्या खिशात आता तंबाखूच्या पुडीशेजारी भाकरीचा तुकडा असायचा. प्रतिभानं तो कपडे धुताना पाहिला होता आणि पाहिल्याचं कुणाला सांगितलं नव्हतं. तो तुकडा बघून तिला किती बरं वाटलं होतं, ते तिचं तिलाच माहीत.

आता पंचाईत काय ती सांगायला हवी. ब्राउनीला गाडीत ठेवताना सृष्टीनं बजावलं होतं, "चॉकलेट देऊ नकोस. आणि द्राक्ष तर अजिबात नको. बेदाणाही नको."

"अगं, मी राहते कुठे माहीत आहे ना तुला?"

"म्हणूनच सांगते. कुत्र्याला द्राक्ष विष आहे, प्रतिभा. किडन्या जातात. सगळ्यांच्याच जातात असं नाही, पण कुणाच्या जातील ते आधी कळत नाही."

तो शब्द घेऊन प्रतिभा मळ्यात आली आणि तो तिनं कुठंच काढून ठेवला नाही. काढणार कुठं? चारी बाजूंनी द्राक्षबाग, वेलीवर लेकरासारखे जपलेले घड, आणि घरात असा माणूस की जो गारांनाही नावानं हाक मारू देत नाही. त्याच्यापुढे उभं राहून सुनेनं म्हणायचं की नाना, आपलं द्राक्ष विष आहे? एवढ्याशा कुत्रीसाठी? तिची जीभ रेटली नाही. मग तिनं सोपी वाट काढली. म्हणाली, "नाना, घडांवर फवारणीचं औषध असतं. यांची पोटं नाजूक आहेत. बागेत सोडू नका, पडलेला मणी खाऊ देऊ नका."

खंडेरावांना ते पटलं. औषधाचं त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी स्वतः गोठ्यामागच्या जागेला जाळी मारून दिली.

आणि तरीही त्या आठवड्यात प्रतिभाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मण्यांत साखर भरली होती, घडांत औषधाचा अंश नाही असा तपासणीचा कागद आला होता, व्यापाऱ्याची माणसं केव्हाही खुड्याला येणार होती. भाजी फोडणीला टाकायची आणि जाळीची कडी बघायला जायचं. कपडे वाळत घालायचे आणि पुन्हा कडी. पिल्लं जागेवर असायची, कडी लागलेली असायची, आणि परत स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की पुन्हा कडीच आठवायची. कुंदन म्हणाला, "तुला झालंय काय? नुसती येरझाऱ्या घालतेस." ती म्हणाली, "काही नाही, खुड्याची धांदल."

खुड्याच्या आदल्या दिवशी घरात पहिला घड उतरवायचा, ही त्या मळ्यातली रीत. तो खंडेरावांनीच कापायचा. आधी देव्हाऱ्यातल्या खंडोबापुढे ठेवायचा आणि मग मळ्यातल्या प्रत्येक जिवाला त्यातला एकेक मणी द्यायचा. माणसांना, गाईला, वासराला, कोंबड्यांनासुद्धा. मांजर मणी हुंगून शेपटी उडवत निघून जाई, तरी तिच्यापुढे ठेवायचाच. या मातीत राहतो त्याचा पहिल्या घडात वाटा. गेल्या वर्षी ब्राउनीच्या वाट्याला मणी आला नव्हता. खंडेरावांनी तिला मोजलंच नव्हतं. प्रतिभानं तेव्हा सुटकेचा श्वास सोडला होता आणि त्याच श्वासात तिला वाईटही वाटलं होतं.

या वर्षी पूजा झाली, प्रतिभाच्या हातावर मणी पडला आणि ती पुरणाकडे वळली. दुसऱ्या दिवशी येणाऱ्या सगळ्यांसाठी आजच पुरण शिजवून ठेवायचं होतं. बाहेर गाईच्या गळ्यातली घंटा वाजली, म्हणजे नाना गोठ्यात मणी वाटत होते. ती मनाशी म्हणाली, पुरण उतरवलं की कडी बघून येऊ.

पुरण उतरायच्या आत खंडेराव दारात आले. चेहऱ्यावर असं काही होतं, की तिला आधी कळेचना. म्हातारा लाजत होता.

"आज तुझ्या पोरांनाबी वाटा दिला," ते म्हणाले. "मूग नि मटकीनं नुसता खेळवला मणी. ब्राउनी तर हुंगून बाजूला झाली. पर हुलग्या लय गुणाचा. एक खाल्ला, पुन्हा मागितला. मूठभर खाल्ले बघ त्यानं."

प्रतिभाच्या हातातली पळी तशीच राहिली.

"भिऊ नको," खंडेराव घाईनं म्हणाले. "तू सांगितलं व्हतं ते ध्यानात व्हतं माझ्या. मिठाच्या पाण्यात धुतला घड. मग नळाखाली. मग उपरण्यानं पुसला, मणी न् मणी. औषधाचा वासबी नाय राहिला."

या घरात येऊन तिला इतकी वर्षं झाली, पण त्या क्षणी तिच्या मनात जे झालं ते याआधी कधी झालं नव्हतं. ज्या गोष्टीची वाट बघितली ती हीच, आणि ती अशी आली. रडू आलं, रागही आला, आणि सगळा राग स्वतःवरच होता. पण उभं राहायला वेळ नव्हता. गॅस बंद करून ती गोठ्यामागे धावली. जाळीत टपोरे मणी इकडेतिकडे पडले होते, ते तिनं ओच्यात गोळा केले. हुलगा तिच्याकडे बघून शेपटी हलवत होता. त्याला काहीच झालेलं नव्हतं.

"काय झालं?" खंडेराव मागून येऊन म्हणाले.

"काही नाही नाना. जरा डॉक्टरांना दाखवून आणते. काहीतरी भलतं खाल्लंय यानं."

"भलतं काय? माझ्या हातचं खाल्लं की."

तिनं हुलग्याला टॉवेलात गुंडाळून गाडीत पुढच्या सीटवर ठेवलं आणि गाडी काढली. आरशात तिला सासरे दिसत होते. अंगणाच्या मधोमध उभे, खांद्यावर तेच उपरणं.

नाशिकपर्यंतचा रस्ता तिला आयुष्यात एवढा लांब वाटला नव्हता. द्राक्षांच्या टेंपोंमागे गाडी अडकली की ती हॉर्न देत होती, आणि एरवी कुणी असा हॉर्न दिला की तीच शिव्या घालायची. कुंदनचा फोन आला. तो व्यापाऱ्याकडे गेला होता. गाडी बाजूला घेऊन तिनं त्याला सगळं सांगितलं, विष हा शब्दसुद्धा.

"नानांना आत्ता सांगू नकोस," तो म्हणाला. "उद्या खुडा आहे. एकदा माल निघू दे, मग बघू."

"त्यांनी विचारलं तर?"

"पोट बिघडलं म्हण. पिल्लांची पोटं बिघडतातच."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि त्यांनी उगाच धीर दिला नाही. हुलग्याला उलटीचं इंजेक्शन दिलं. मणी बाहेर आले, काही अख्खे, काही नुसत्या साली. "बरंच निघालं, सगळं नाही," त्या म्हणाल्या. "सलाईन लावते. इथेच ठेवावा लागेल. आता लघवी होते का, एवढंच बघायचं. होत राहिली तर वाचला. थांबली तर माझ्या हातात काही नाही." मग हातमोजे काढता काढता त्यांनी विचारलं, "द्राक्षं कुणी दिली?"

"घरच्यांनी," प्रतिभा म्हणाली. "प्रेमानं दिली."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. हे उत्तर त्यांना नवीन नसावं.

संध्याकाळी ती रिकामा टॉवेल घेऊन घरी आली. खंडेराव पायरीवरच बसले होते. जेवले नव्हते. "कशानं झालं?" त्यांनी विचारलं.

"पोट बिघडलंय, नाना. सलाईन लावलंय."

"कशानं?"

"कळत नाही अजून."

ते उठले आणि बागेकडे चालायला लागले. त्यांच्या चालीकडे बघून तिला बरं वाटलं नाही, पण हाक मारून काय सांगणार होती? त्या रात्री घरात कुणाला झोप लागली असेल असं वाटत नाही. ब्राउनी जाळीत फेऱ्या मारत होती. तिच्या कळपातलं एक वासरू कमी होतं.

सकाळी व्यापाऱ्याचा टेंपो आला, क्रेट उतरले, बाया आल्या, पुरणपोळ्यांचा वास अंगणात पसरला. आणि बागेच्या तोंडाशी खंडेराव आडवी काठी धरून उभे राहिले.

"खुडा नाय," ते म्हणाले.

आधी सगळ्यांना चेष्टा वाटली. कुंदन पुढे गेला. "नाना, काय झालं? मुहूर्त चुकला का?"

"मालात दोष हाय. हा माल मी देणार नाय."

"अहो, तपासून आलाय. कागद आहे माझ्याकडे."

"कागद ऱ्हाऊ दे तुझा." खंडेरावांचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "मी धुऊन दिला व्हता. मीठ लावून, पुसून, या हातानं. धुतलेल्या मण्यानं त्या पिल्लाची ही गत झाली, तर यात औषध किती उतरलं असंल? कागद खोटा असंल, पिल्लू खोटं बोलतंय व्हय? ही द्राक्षं बारक्या लेकरांच्या तोंडात जाणार. माझ्या हातनं नाय जाणार."

व्यापाऱ्याचा माणूस घड्याळाकडे बघायला लागला. बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. कुंदननं मान वळवून प्रतिभाकडे पाहिलं. कालचा शहाणपणा त्याच्या चेहऱ्यावरून पार उतरला होता.

प्रतिभाला वाटलं, आता जमिनीनं पोटात घ्यावं. तिनं मारलेली एवढीशी थाप, तीही माणसाचं मन राखायला, आणि तिच्यापायी हा माणूस आपल्याच हातानं पिकवलेल्या बागेवर आळ घेऊन उभा होता. रात्रभर तो काय काय आठवत बसला असेल. कोणती फवारणी, कुठला दिवस, कुठं आपला हात जड पडला. आणि दोष तिथं नव्हताच.

"नाना, जरा इकडे या," ती म्हणाली. "पाण्याच्या टाकीपाशी."

ते आले. काठी हातातच होती. तिनं त्यांच्या पायांकडे बघत बोलायला सुरुवात केली, मग मान वर केली. हे खाली बघून सांगण्यासारखं नव्हतं.

"औषधाचं काही नाही, नाना. मी खोटं बोलले होते. पहिल्यापासून. द्राक्षच कुत्र्याला चालत नाही. कुणाच्याही बागेतलं, कसंही पिकवलेलं, कितीही धुतलेलं. माणसाला अमृत आहे आणि कुत्र्याला..." तिथं ती अडली. चारी बाजूंनी वेली होत्या. "कुत्र्याला विष आहे."

खंडेरावांनी नेहमीसारखं तिच्याकडे रोखून पाहिलं नाही. ते टाकीच्या कट्ट्यावर बसले.

"समद्यांच्याच बागेतलं?"

"सगळ्यांच्या."

"मंजी आपल्या मालात खोट नाय."

"नाही, नाना. एका मण्यातही नाही."

त्यांनी डोळे मिटले. सुटका झाल्यासारखं त्यांच्या तोंडावर काहीतरी आलं आणि आलं तसं गेलं, कारण लगेच त्यांना दुसरं कळलं. त्यांनी आपला उजवा हात उलटा करून पाहिला, पुन्हा सरळ केला.

"मंग मीच घातलं त्याच्या तोंडात."

"तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी सांगितलं नाही."

"का नाय सांगितलं?"

"खुड्याच्या तोंडावर असा शब्द कसा काढू? तुम्हीच..." तिनं बागेकडे हात केला. "आणि मला वाटलं, तुम्ही म्हणाल, एवढ्याशा कुत्र्यासाठी माझ्या मालाला नाव ठेवते."

खंडेरावांनी काठी कट्ट्याला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "म्हटलं असतं. तसंच म्हटलं असतं मी." आणि उठले. कुंदनला लांबूनच हात केला. "लावा खुडा. माल चांगला हाय." मग सुनेकडे वळले. "मला तिकडं घेऊन चल."

गाडीत त्यांनी मध्येच खिशातला भाकरीचा तुकडा काढला, बघितला, परत ठेवला.

दवाखान्यात हुलगा पिंजऱ्यात आडवा पडला होता, पायाला सुई, डोळे अर्धे मिटलेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रात्री लघवी थेंबभर झाली, पहाटेपासून काहीच नाही. औषध दिलंय. दुपारपर्यंत वाट बघू. त्यांनी पुढचं बोलायचं टाळलं, आणि टाळलेलं दोघांनाही ऐकू आलं.

"मांडीवर घेऊ का?" खंडेरावांनी विचारलं.

बाईंनी सलाईनची नळी सांभाळून हुलग्याला त्यांच्या मांडीवर दिलं. म्हातारा बाकावर ताठ बसला. प्रतिभा बसूच शकत नव्हती. दारापर्यंत जायची, परत यायची. भिंतीवरची कुत्र्यांची चित्रं बघायची, एकही दिसायचं नाही. कुंदनचा फोन आला, पहिला टेंपो भरला म्हणून, तर ती बरं म्हणाली आणि कशाला बरं म्हणाली ते विसरली. एक बाई मांजर घेऊन आली, गेली. एक पोपट आला, गेला. हुलग्याचं पोट वरखाली होत होतं, दर वेळी वर येईपर्यंत ती नजर हलवत नव्हती. खंडेराव त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवत होते. पुटपुटत काहीतरी बोलत होते. जवळ गेल्यावर तिला ऐकू आलं.

"वाटा दिला रे बाबा. मला वाटलं, वाटा दिला."

ती पुन्हा दाराशी गेली. बाहेर उन्हात रस्ता वाहत होता. तिनं नवस बोलायचा विचार केला आणि कुठल्या देवाला बोलायचा ते सुचेना, कारण ज्याला बोलायचा त्याच्याच पुढे तो घड ठेवला होता.

"प्रतिभा," मागून आवाज आला. हळूच.

ती वळली. खंडेराव अजिबात हलले नव्हते. दोन्ही हात हवेत, बाजूला धरलेले. त्यांच्या पांढऱ्या धोतरावर, मांडीपासून गुडघ्यापर्यंत, एक ओला डाग पसरत चालला होता आणि थांबायचं नाव घेत नव्हता. बाकाच्या कडेवरून थेंब खाली पडायला लागले.

"हलू नका, नाना."

"कोण हलतंय," खंडेराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात खाली आणायची त्यांची तयारी नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी येऊन पाहिलं, लादीवरचं पाणी पाहिलं आणि पहिल्यांदा हसल्या. अजून सलाईन लागेल, रक्त पुन्हा तपासावं लागेल, पुढे वर्षभर पाणी भरपूर पाजायचं, असं सगळं त्यांनी सांगितलं. प्रतिभानं ते दोनदा विचारून घेतलं. खंडेरावांनी तिसऱ्यांदा विचारलं.

मळ्यात परतले तेव्हा खुडा अर्ध्यावर आला होता. खंडेरावांनी धोतर बदललं नव्हतं, तशाच वाळलेल्या डागानं ते बागेत शिरले. ओळीओळीनं क्रेट लागले होते, बाया कात्र्या चालवत होत्या, व्यापाऱ्याचा माणूस वजन बघत होता. कुंदन धावत आला, प्रतिभानं मानेनंच हुलगा बरा आहे म्हणून सांगितलं, तेव्हा त्यानं कपाळावरचा घाम पुसला. गडबडीत कुणीतरी जाळी उघडी टाकली होती, त्यामुळे ब्राउनी मोकळी सुटली होती आणि बायांच्या टाचा हुंगत त्यांना ओळीत ठेवत होती. शेवटच्या ओळीतली सगुणाबाई हसून म्हणाली, "घे ग मुकादमीण, तुझा पगार," आणि तिनं एक मणी तिच्यापुढे टाकला.

प्रतिभा पळाली, पण तिच्याआधी आवाज गेला.

"सगुणा, कुत्र्याला द्राक्ष टाकायचं नाय." खंडेरावांचा तो आवाज या टोकाकडून त्या टोकापर्यंत जाणारा होता. "कुणीच टाकायचं नाय. इख हाय ते त्याला."

कात्र्या थांबल्या. व्यापाऱ्याच्या माणसानं मान वर केली. वेलीवर अजून अर्धी बाग होती आणि तिच्या मधोमध उभं राहून खंडेराव तो शब्द बोलले होते. एकदा बोलून थांबले नाहीत, नीट ऐकू गेलं का म्हणून पुन्हा बोलले. "इख हाय. ध्यानात ठेवा."

मग ते वाकले, ब्राउनीच्या नाकाखालचा मणी उचलला, धोतराच्या कोरड्या भागाला पुसला आणि सगळ्यांच्या देखत स्वतःच्या तोंडात टाकला.

"गोड हाय," ते म्हणाले. "चालू द्या."